मीटर आणि मिनिटं : महामार्गाच्या धुरापासून घर, शाळा आणि चौक सांभाळण्याची रीत

आमच्या घराच्या दोन खिडक्यांमुळे मी हा लेख लिहायला बसले. एक खिडकी मागच्या मोकळ्या प्लॉटकडे उघडते. दुसरी समोरच्या रस्त्याकडे, आणि तो रस्ता पुढे दोन गल्ल्या ओलांडून जळगावातून जाणाऱ्या महामार्गाला लागतो. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही खिडक्यांचे कट्टे जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यांनी पुसले. मागच्या खिडकीचं फडकं तपकिरी झालं आणि साध्या पाण्यात दोनदा खळबळलं की स्वच्छ निघालं. रस्त्याकडच्या खिडकीचं काळं झालं, बोटाला चिकट लागलं, आणि साबण लावून घासलं तरी राखाडी डाग राहिलाच. पहिली आपली खान्देशातली माती. दुसरी काजळी, म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन, त्यात मिसळलेली टायर-ब्रेकची झीज आणि तेलाचा अंश. एकाच घरात, चाळीस फुटांच्या अंतरावर, दोन तऱ्हेची हवा.

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि आमची शाळाही महामार्गाजवळच आहे. 'शहराची हवा बिघडली' असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा दिल्लीसारखं काहीतरी आकाशभर पसरलेलं डोळ्यांपुढे येतं आणि हात टेकले जातात. वाहनांचा धूर मात्र तसा सगळीकडे सारखा नसतो. तो रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतो, पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये झपाट्याने विरळ होतो आणि साधारण तीनशे ते पाचशे मीटरनंतर शहराच्या बाकीच्या हवेत मिसळून जातो. तो दिवसभरही सारखा नसतो. ठरावीक तासांत उसळतो. त्यामुळे बऱ्याच गोष्टी मीटरवर आणि मिनिटांवर ठरतात. त्यातल्या काही आजच, एक रुपया न घालवता आपल्या हातात आहेत. बाकीच्यांसाठी महापालिकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्या कशा चढायच्या, तेही पुढे लिहिलं आहे.

आधी शत्रू ओळखा

धुरातला सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. 'पीएम २.५' म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. डोक्याच्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर असते, त्यावरून अंदाज करा. हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून दम्याइतकाच हा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. 'पीएम १०' म्हणजे त्यापेक्षा जाड धूळ. आपल्याकडे रस्त्याच्या कडेचा फुफाटा गाड्यांच्या चाकांनी पुन्हा पुन्हा उडतो, त्यात ही भरपूर. तिसरा नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू असल्याने कुठलाही रुमाल त्याला अडवत नाही.

आपल्या देशाचं मानक पीएम २.५ साठी चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि वर्षाची ४० असं आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून हेच आकडे १५ आणि ५ सांगते. म्हणजे सरकारी मानकात बसलेली हवाही निर्धास्त होण्यासारखी नसते.

जळगावचं नाव केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात सलग पाच वर्षं मानकाबाहेर राहिलेली शहरं घेतली गेली. धुळे, भुसावळ, नंदुरबारच्या वाचकांनी 'आपलं नाव नाही' म्हणून सुस्कारा सोडू नये. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात. भुसावळच्या आसपास दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्या असतात. धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर किंवा भुसावळच्या नाहाटा चौफुलीवर उभं राहणाऱ्या माणसाच्या छातीला यादीशी काही देणंघेणं नसतं.

पायरी १ : आपल्या दिवसाचा नकाशा काढा

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर घर, शाळा, कामाची जागा, बाजार आणि त्यांना जोडणारे रस्ते काढा. चित्र सुबक नको, रस्ते ओळखू आले की झालं. आता जिथे तुम्ही किंवा मुलं *थांबता* तिथे लाल खूण करा : सिग्नल, रिक्षा थांबा, स्कूल व्हॅनची जागा, भाजीची गाडी, पाणीपुरीचा ठेला. चालती गाडी धुरातून पटकन पार होते. थांबलेला माणूस तोच धूर मिनिटामिनिटाने ओढत राहतो, म्हणून थांबण्याच्या जागा महत्त्वाच्या.

माझ्या नकाशात सहा लाल खुणा निघाल्या. त्यातल्या तीन टाळता येण्यासारख्या होत्या, आणि इतकी वर्षं ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पायरी २ : चौक मोजा

हे काम मुलांबरोबर केलं तर उत्तम. दहावीच्या मुलांना यातून जे कळतं ते पुस्तकातल्या धड्यातून कळत नाही.

दोघं जण लागतात, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. फुटपाथवर किंवा एखाद्या दुकानाच्या ओट्यावर उभं राहायचं, रस्त्यावर उतरायचं नाही. पंधरा मिनिटं मोजायचं. रकाने असे करा : दुचाकी, रिक्षा, कार-जीप, एसटी आणि इतर बस, ट्रक-ट्रेलर, वाळू-खडीचं डंपर, ट्रॅक्टर. प्रत्येक पाच गाड्यांना उभ्या चार रेघा आणि एक आडवी. आणखी दोन रकाने ठेवा. एक 'डोळ्यांना काळा धूर दिसला' यासाठी, दुसरा 'माल उघडा होता' यासाठी. तीन वेळा मोजा : शाळा भरताना, भर दुपारी आणि संध्याकाळी साडेसहा-सातला. सिग्नल असेल तर तो किती सेकंद लाल राहतो तेही टिपा. तारीख, वार, वेळ आणि वारा कुठून येतोय हे वर लिहायचं. वाऱ्याची दिशा कळायला उदबत्ती पेटवून धरा, धूर जिकडे जाईल तिकडे वारा चालला आहे.

ही मोजणी कशासाठी? एक म्हणजे गाड्यांची संख्या आणि धुराचं प्रमाण यांचा मेळ आपल्याला वाटतो तसा नसतो. चौकात दुचाक्या ढिगाने असतात, पण काजळीचा मोठा वाटा थोड्याच जड डिझेल गाड्यांचा असतो, त्यातही जुन्या आणि देखभाल नसलेल्या. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ (भारत स्टेज ६ हे धुराचं सरकारी मानक) आहेत, त्यांच्या इंधनात गंधक दहा लाखात दहा भाग इतकंच असतं आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. रस्त्यावर मात्र त्याआधीच्या ट्रकांची रांग अजून लांब आहे. दुसरं म्हणजे उघड्या मालाचा रकाना. गिरणा-तापीच्या पात्रातली वाळू घेऊन ताडपत्रीशिवाय पळणाऱ्या डंपरमधून प्रत्येक गतिरोधकावर मूठ-मूठ वाळू सांडते. दिवसभरात ती चाकांखाली दळली जाते आणि संध्याकाळपर्यंत तिचं पीठ होऊन हवेत असतं. पुढे अर्ज करताना हाच रकाना सर्वांत कामाला येतो.

पायरी ३ : एक्यूआय वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे. त्यात हवेचा निर्देशांक, म्हणजेच एक्यूआय, दिसतो : ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, कणांचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो. सकाळी साडेसातला चौकात जे उसळतं ते या सरासरीत विरघळून जातं. दुसरी, यंत्र जिथे बसवलंय तिथली ती हवा असते. ॲपमध्ये केंद्राचं नाव वाचा आणि ते तुमच्या लाल खुणांपासून किती लांब आहे ते नकाशात लिहा. काही केंद्रांवर तर यंत्र सतत चालत नाही, आठवड्यातून दोनदा हाताने नमुने घेतले जातात. तिसरी गोष्ट शब्दांची. 'समाधानकारक'ची वरची कड म्हणजे पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजेच जागतिक आरोग्य संघटनेच्या चोवीस तासांच्या मर्यादेच्या चौपट.

काही हजारांत मिळणारा छोटा सेन्सर सोसायटीने किंवा शाळेने मिळून घेतला तर उपयोग होतो, पण वापरण्याची पद्धत हवी. धुक्यात आणि दमट हवेत तो फुगवून आकडा दाखवतो. त्याचा आकडा सरकारी केंद्राशी लावून भांडू नका. एकाच यंत्राने, एकाच सकाळी, फाटकापाशी आणि मग शाळेच्या मागच्या मैदानात, दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं ठेवून फरक बघा. यंत्र मुलाच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि भज्यांच्या गाडीपासून लांब. खरी माहिती दोन जागांमधल्या फरकात असते.

पायरी ४ : वेळ आणि वाट बदला

आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ सर्वांत वाईट. तापीचं खोरं उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पसरलंय. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्या झाकणाखाली रात्रभरचा ट्रकांचा धूर, शेकोट्या आणि पेटवलेला कचरा कोंडतो. ऊन चढलं की दहाच्या सुमारास झाकण उघडू लागतं. आणि शाळा भरतात सातला.

म्हणून हिवाळ्यात फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांना माझं सांगणं आहे की पहाटे पाचला महामार्गाच्या कडेने भराभर चालण्यापेक्षा ऊन अंगावर आल्यावर मेहरूण तलावाकडे जा. धुळेकरांना पांझरेचा काठ आहे. जोरात चालताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो, तेव्हा व्यायामाची जागा तरी नीट निवडावी. व्यायाम सोडू मात्र नका.

वाट बदलण्याचा हिशेब सोपा आहे. महामार्गाला समांतर, एक-दोन गल्ल्या आतली वाट निवडायची, चार मिनिटं जास्त लागली तरी. सिग्नलला ट्रक किंवा बसच्या मागे अगदी चिकटून उभं राहायचं नाही. दोन गाड्यांएवढं अंतर ठेवा, किंवा शक्य असेल तर बाजूने पुढे या.

एक दृश्य मला रोज सकाळी दिसतं. अजिंठा चौफुलीवर सिग्नल लाल आहे. आईच्या स्कूटरच्या पुढच्या फळीवर चार-पाच वर्षांचं पोर उभं, हँडलला धरून. समोर ट्रेलर. त्याचा धुराडा बरोबर पोराच्या तोंडाच्या उंचीवर. ट्रेलर निघताना दचकतो आणि काळा लोट सुटतो. आई पदर सावरते, स्वतःच्या तोंडाला स्कार्फ आहे. पोराला काहीच नाही. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याची फुफ्फुसं अजून घडत असतात. त्याला मागे बसवा, मध्ये घ्या, पट्ट्याने बांधा आणि हेल्मेट घाला. सर्वांत आधी त्या ट्रेलरच्या मागून बाजूला व्हा.

स्कार्फ, ओढणी, उपरणं हे उन्हाला आणि जाड धुळीला ठीक. बारीक कण त्यातून आरपार जातात. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही नाकाजवळची पट्टी दाबून, कडेने हवा न गळता घातलेला. दाट दाढी असेल तर तो नीट बसत नाही. वायूंना तो अडवत नाही, हेही लक्षात असू द्या. ट्रॅफिक पोलीस, पंक्चरवाले, चौकातले फळविक्रेते, रिक्षावाले यांनी तो वापरावा असं मला फार वाटतं, पण आपल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मास्क घालून आठ तास उभं राहणं माणसाला जमत नाही. त्यांच्यासाठी जागेचा उपाय जास्त खरा. हातगाडी सिग्नलच्या थांबारेषेपासून वीस-पंचवीस पावलं मागे किंवा आडव्या गल्लीच्या तोंडाशी घ्यायची आणि उदबत्तीने वारा बघून धूर पलीकडे जाईल त्या अंगाला उभी करायची. थांबलेली गाडी सुटतानाच धुराचा लोट सर्वांत मोठा असतो. ती जागा चुकवली तरी बराच फरक पडतो.

कारमध्ये असाल तर गर्दीच्या चौकात आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. पण ते विसरून तासभर ठेवू नका, डोकं जड होतं. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर बाहेरची हवा घ्या.

पायरी ५ : घर, आणि मुख्य म्हणजे कूलर

खान्देशात मार्च ते जून कूलरशिवाय घर चालत नाही. कूलर म्हणजे काय? बाहेरची हवा ओढून, ओल्या गवताच्या जाळीतून काढून, घरात ढकलणारा पंखा. साधा मोठा कूलर तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा आत टाकतो. गवताची जाळी जाड धूळ थोडी धरते, काजळीला तिचा काही अडसर नाही. म्हणजे रस्त्याकडच्या खिडकीत कूलर बसवला तर आपण महामार्गाची हवाच पंप लावून घरात भरतो. आमचाही दहा वर्षं तिथेच होता, कारण स्टँड तिथे बसत होतं.

कूलर घराच्या मागच्या अंगाला, रस्त्यापासून दूरच्या खिडकीत हलवा. वायर लांब लागेल, स्टँड नवं करावं लागेल, पण या लेखातलं दुसरं कुठलंच घरगुती काम इतकं मोलाचं नाही. भाड्याच्या घरात मागे खिडकीच नसेल, तर गर्दीच्या तासात, साधारण संध्याकाळी सहा ते आठ, तो बंद ठेवून पंख्यावर भागवा. गवत बदलताना जुन्या जाळीचा रंग बघा, तोही एक पुरावा आहे.

हिवाळ्यात खिडक्या सकाळी उठल्या-उठल्या सताड उघडण्याची आपली सवय आहे. रस्त्याकडची खिडकी दहा-साडेदहानंतर उघडा, मागची आधी उघडली तरी चालेल. झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा, कारण कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते. बंद खोलीत डासांची कॉइल आणि धूप जाळून बाहेरच्या धुराला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

एअर प्युरिफायरबद्दल लोक विचारतात. उघड्या खिडकीच्या आणि चालत्या कूलरच्या घरात तो पैसे घालवतो. घरात दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल आणि हिवाळ्यात एक झोपायची खोली बंद ठेवता येत असेल, तरच घ्या. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. तासाला पाच वेळा ती गाळली जावी, म्हणजे यंत्राची क्षमता तासाला किमान १७० घनमीटर हवी. खोक्यावर सीएडीआर म्हणून हाच आकडा लिहिलेला असतो.

पायरी ६ : स्वतःची गाडी

पीयूसी सगळ्यांना माहीत आहे. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधल्या दुरुस्तीनंतर प्रदूषण मानक मोडल्याबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण त्या तपासणीत काय होतं ते बघून घ्या. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून मोकळ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल गाडीला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराचा गडदपणा मोजतात. पीएम २.५ यात मोजलंच जात नाही. मला एकदा एका केंद्रावर नळी न घालताच, नंबरप्लेटचा फोटो काढून प्रमाणपत्र देऊ केलं होतं. तसं घेऊ नका. 'नळी घाला, मला आकडा बघायचाय' असं ठामपणे म्हणा.

एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराआधीच बघा, आपल्या धुळीत तो लवकर तुंबतो आणि तुंबला की इंजिन जास्त इंधन कच्चं जाळतं. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. ट्रक किंवा पिकअप चालवणाऱ्या भाऊंना हात जोडून विनंती : काजळीची गाळणी काढून देतो, धुरातले वायू कमी करणाऱ्या युरियाचा सेन्सर बायपास करून देतो असं कुणी गॅरेजमध्ये म्हणालं, तर ऐकू नका. त्या धुराचा पहिला घास तुमच्याच केबिनमध्ये आणि तुमच्याच ढाब्यावर येतो.

सिग्नलला वीस सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद.

पायरी ७ : शाळेचं फाटक

इथे सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त मुलांचं भलं होतं, म्हणून मी यावर जरा थांबते.

शाळा सुटायच्या आधी वीस मिनिटं व्हॅन आणि रिक्षा येऊन थांबतात. उन्हाळ्यात एसीसाठी काही गाड्या इंजिन चालूच ठेवतात. मग तीनशे-चारशे मुलं एकदम त्या धुरात सोडली जातात. आम्ही पालक सभेत पायरी २ मधली मोजणी फळ्यावर मांडली, आणि भाषण न करता चारच गोष्टी मागितल्या. फाटकापासून दोन्हीकडे पन्नास मीटर इंजिन बंद. व्हॅनवाल्या काकांसाठी झाडाखाली सावलीची जागा आणि पिण्याचं पाणी, कारण नुसतं 'बंद करा' म्हटलं तर उन्हात ते कसं करतील? लहान वर्ग दहा मिनिटं आधी सोडायचे. आणि मुख्य फाटकाऐवजी आतल्या गल्लीतलं छोटं फाटक उघडायचं. छोट्या फाटकाच्या किल्लीसाठी चार महिने लागले, बाकीचं आठवड्यात झालं.

शाळेच्या आत हे बदल करा. बालवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग रस्त्यापासून सर्वांत दूरच्या खोल्यांत हलवा. रस्त्याकडच्या खोल्या कार्यालय, भांडार, ग्रंथालय यांना द्या. परिपाठ पुढच्या अंगणात होत असेल तर मागे न्या. हिवाळ्यात खेळाचा तास पहिला ठेवू नका, शेवटच्या दोनांत ठेवा.

रस्त्याकडच्या कुंपणाला दाट झाडी लावली तर लगतच्या पट्ट्यातला धूर काही प्रमाणात कमी होतो, पण झाडी जमिनीपासून दाट हवी. खाली उघडं खोड आणि वर छत्री, असं झाड धूर अडवत नाही. करंजाची राखलेली रांग आणि तिच्या पायाशी मेंदीचं कुंपण, पुरुषभर उंचीचं, हे आपल्या हवेत तगतं. आम्ही आधी कण्हेर लावणार होतो, दुभाजकावर ती छान तगते म्हणून. आमच्या शिपाईमावशींनी अडवलं. कण्हेर विषारी आहे, आणि मुलं पानं तोडून तोंडात घालतात. त्यांचं अगदी बरोबर होतं.

पायरी ८ : वही घेऊन कार्यालयात

आधी रस्ता कुणाचा ते शोधा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरण, त्यांचा १०३३ हा मदत क्रमांक आहे. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. आतले रस्ते महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे. धूर ओकणारी गाडी आणि उघडा माल यासाठी आरटीओ आणि वाहतूक पोलीस. हवेच्या मोजणीबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जळगावचं उपप्रादेशिक कार्यालय. चुकीच्या खिडकीत दिलेला अर्ज महिनोन् महिने फिरत राहतो.

अर्ज छोटा ठेवा आणि एकाच कामाचा. 'वाढते प्रदूषण थांबवावे' असा अर्ज फाईलमध्ये झोपतो. असा लिहा : 'अमुक चौक ते तमुक शाळा या सहाशे मीटर रस्त्याच्या दोन्ही कडांना साचलेली माती उचलून कडा पक्क्या कराव्यात. अमुक तारखेला सकाळी ७ ते ७.१५ या वेळेत आम्ही मोजणी केली, तिचा तक्ता सोबत जोडला आहे.' खाली पालकांच्या सह्या, सोबत दोन फोटो, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

मागण्या कुठल्या ठेवाव्यात? रस्त्याची कड पक्की करणं सर्वांत आधी. डांबराच्या बाजूची कच्ची पट्टी हाच फुफाट्याचा कारखाना आहे, आणि पावसाळ्यात आलेला चिखल ऑक्टोबरच्या उन्हात तिथेच वाळून उडतो. पाणी मारण्याची मागणी शेवटी ठेवा, कारण आपल्या उन्हात ते तासाभरात वाळतं. झाडताना माती उचलून नेली जाते की नुसती दुभाजकाला लावली जाते, ते बघा. बांधकामाचा माल झाकून न्यावा असा केंद्राचा २०१८ चा नियम आहे, मानकाबाहेरच्या शहरांना तो लागू आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

जळगावकरांनी महापालिकेत एक अर्ज माहिती अधिकारात करावा. स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराचा कृती आराखडा असतो आणि त्यासाठी निधी येतो. जोडपत्र 'अ' मध्ये, दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा : गेल्या तीन आर्थिक वर्षांत या कार्यक्रमाखाली किती निधी मिळाला, कामनिहाय किती खर्च झाला, आणि रस्ते झाडणाऱ्या यंत्राच्या लॉगबुकच्या प्रती. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयात प्रथम अपील. केंद्राच्या 'प्राण' पोर्टलवर शहरांचे आराखडे दिसतात, ते आधी वाचून गेलात तर प्रश्न नेमके विचारता येतात.

अर्ज दिल्यापासून साधारण दीड महिन्याने त्याच चौकात, त्याच ओट्यावर, त्याच वेळी पुन्हा पंधरा मिनिटं मोजायचं. वार तोच हवा, कारण आठवडी बाजाराच्या दिवशीची मोजणी इतर दिवसाशी जुळत नाही. ती तारीख वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आजच लिहा. आमच्या वहीवर तीन तारखा आहेत, त्यातल्या दोन होऊन गेल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कड पक्की झाली आहे, डंपर अजून उघडीच जातात. तिसऱ्या मोजणीला नववी 'ब'ची मुलं येणार आहेत.